हिशोबाला चग्गाच हवा

पाझी मालकांच्या बुगुरुनी पेठेतल्या वखारीत सिमेंट, पत्रे, खिळे आणि माणसं असा माल असे, आणि सगळ्या मालाचे भाव ठरलेले होते. सिमेंटचा भाव निदान अधूनमधून हलायचा, माणसांचा हलत नसे. पोती वाहायला सुकुमा जमातीचे लोक, कारण त्यांची पाठ रुंद. इंग्रजी पत्रं लिहायला हाया, कारण ते झोपेतसुद्धा इंग्रजी बोलतात. फाटकावर मसाई, कारण चोर त्याला लांबून बघूनच पळतो. आणि गल्ल्यावर चग्गा, कारण पैसा चग्ग्यालाच ओळखतो. गल्ल्यावरच्या एका पगारात फाटकावरची पाच माणसं बसली असती. कोणी याबद्दल बोललंच, तर मालक छाती पुढे काढून सांगत, "हे बघा, आपल्या देशात जमात-बिमात कोणी बघत नाही. सगळे भाऊ. मी फक्त ज्याच्या रक्तात जे आहे, ते काम त्याला देतो."

रक्त तपासायची मालकांची पद्धत सोपी होती. ते कपडे आणि आडनाव बघत.

गल्ल्यावर एलिया शिरिमा बसत असे. इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि नऊ वर्षांत एका शिलिंगाची चूक नाही. आडनाव शिरिमा, म्हणजे किलिमांजारोच्या उतारावरचा पक्का चग्गा. प्रत्यक्षात एलिया मसाई होता. लहानपणी त्यानं बापाची वासरं दोनदा हरवली, तेव्हा 'हा गुरांच्या कामाचा नाही' म्हणून बापानं त्याला शाळेत टाकलं. किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशी गावात ज्या चग्गा मास्तरांच्या घरी तो राहिला, त्यांचंच आडनाव दाखल्यावर चढलं. शिक्षण संपल्यावर त्यानं आपली जमात खरी सांगून नोकरी शोधली, आणि जिथं गेला तिथं हिशोबाची पदवी बघून झाल्यावर त्याला फाटकावर उभं राहायला सांगण्यात आलं. इथं मालक नुसता कागद बघून म्हणाले, "शिरिमा? वा, चग्गा!" एलिया गप्प बसला. या गप्प बसण्याचा पगार पाचपट होता.

फाटकावर लाल शुका, म्हणजे मसाईंची चादर, पांघरून, टायरच्या चपला घालून आणि सोटा टेकून उभा असे तो किसिओकी. हा किसिओकी म्हणजे मुळात अमिनिएल उरासा, आणि तो खरोखरच किलिमांजारोच्या उतारावरचा चग्गा होता. त्याला बेरीज येत नसे. दोन दुकानं बुडाल्यावर "चग्गा असून धंदा बुडवलास?" म्हणून घरच्यांनी त्याचं तोंड बघायचं सोडलं, तेव्हा त्यानं बाजारातून शुका आणि सोटा विकत घेतला. उंची होतीच. मालकांनी एक शब्द न विचारता फाटकाची किल्ली त्याच्या हातात दिली.

दोघांना एकमेकांचं गुपित कळलेलं होतं. म्हणूनच ते एकमेकांशी फारसं बोलत नसत.

त्या शुक्रवारी नमाजानंतर मालकांच्या नव्या गोदामाचं कर्ज मंजूर व्हायचं होतं. बँकेच्या कोकुगोंझा मॅडम स्वतः येणार होत्या, पिलाव शिजणार होता, आणि जेवणाआधी मालक नव्या गोदामाचा मॅनेजर जाहीर करणार होते. मॅनेजर कोण, हे उघड होतं. एलियानं टायसुद्धा नवा घेतला होता.

"बँकेनं मला दोनदा हाकललं रे," मालक सकाळपासून सगळ्यांना ऐकवत होते. "का, तर मी झारामो! किनाऱ्यावरचा! म्हणे ही माणसं खातात, ढोल वाजवतात आणि झोपतात. माणसाला जमातीवरून तोलतात हरामखोर! मग मॅडमनी अर्जावर गल्लेवाल्याचं नाव वाचलं, शिरिमा. लगेच फाइल हलली. एलिया, तुझ्या रक्तावर कर्ज मिळतंय मला!"

"कामावर मिळतंय म्हणा, मालक," एलिया म्हणाला.

"तेच ते."

दुपारी पुगूच्या गुरांच्या बाजारातून जेवणासाठी घेतलेला बैल आला. बैल आणणारे कोइनेत आजोबा स्वतः मसाई, वयानं वाकलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बैलाचा दोर सुकुमा हमालाच्या हाती देऊन ते फाटकाशी आले. त्यांना लाल शुक्याचा ढग दिसला. आपलं पोर दिसतंय म्हणून त्यांनी "सुपा!" असा मसाई नमस्कार केला आणि हात उचलला.

आता मसाई पोरगा कितीही मोठा झाला, तरी म्हाताऱ्यापुढे त्यानं डोकं वाकवायचं आणि म्हाताऱ्यानं त्यावर तळवा ठेवायचा, अशी रीत आहे. उरासानं शुका विकत घेतला होता, रीत बाजारात मिळाली नव्हती. त्यानं मोठ्या अदबीनं हात पुढे केला. आजोबांचा तळवा डोकं शोधत खाली आला आणि त्याच्या पंजावर आपटला.

"डोकं कुठं ठेवलंस रे?" आजोबा ओरडले. "कुणाचा तू? आईनं काय खाऊन जन्म दिला?"

एवढ्यात बैल बघायला मालक आणि एलिया बाहेर आले. आजोबांचा हात अजून हवेतच होता. हवेत हात थांबलाय आणि खाली डोकं नाही, हे दृश्य एलियाच्या मानेला सहन झालं नाही. तो काही ठरवायच्या आत मान वाकली, डोकं हाताखाली गेलं आणि तोंडातून "सुपा"चं उत्तर, "इपा", निघून गेलं. आजोबांनी समाधानानं थोपटलं. "हां. निदान एक तरी पोर धड आहे इथं." आणि ते रस्त्यापलीकडच्या आंब्याखालच्या बाकावर जाऊन बसले.

मालक टायकडे बघत राहिले, मग शुक्याकडे, मग पुन्हा टायकडे.

"एलिया. तू मसाई?"

"हो, मालक."

"नऊ वर्षं माझे पैसे मोजलेस, मसाई असून?"

"कधी चुकले का?"

"तेच तर! नऊ वर्षांत एकदासुद्धा चूक नाही, म्हणजे लबाडी किती मुरलेली असेल!" मालकांनी कपाळावर हात मारला. "आता मॅडमना काय दाखवू? चग्गा कुठून आणू मी अर्ध्या तासात?"

"मालक," उरासा चाचरत म्हणाला, "मी आहे चग्गा."

"तू?"

"पक्का. आई-बाप दोन्हीकडून."

मालकांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की जणू मॅडमची सही झालीच. "अल्लाची कृपा! बघ, मी म्हणतच होतो, तुझ्या डोळ्यांत व्यवहार आहे. चला, दोघं सिमेंटच्या थप्पीमागे. कपडे बदला."

"हे मी करणार नाही," एलिया म्हणाला.

"अरे बाबा, कर्ज गेलं तर गोदाम गेलं, आणि गोदाम गेलं तर तुझी मॅनेजरची खुर्ची गेली. जरा वेळाचा प्रश्न आहे. मॅडम गेल्या की तुझा टाय तुला."

खुर्चीचं नाव निघाल्यावर एलियानं टायची गाठ सोडली.

कोकुगोंझा मॅडम आल्या तेव्हा उरासा गल्ल्यावर घामाघूम बसला होता आणि एलिया शुका गुंडाळून बैलाचा दोर धरून फाटकात उभा होता. दोर त्याच्याकडे अर्थातच मालकांनी दिला होता. मसाई असताना बैल दुसऱ्यानं कशाला धरायचा?

"तर तुम्ही ते गल्लेवाले," मॅडम उरासाला म्हणाल्या. "मला सांगा, माल सरासरी किती दिवस पडून राहतो?"

उरासानं छताकडे बघितलं. छतानं मदत केली नाही. "सांगता येणार नाही, मॅडम."

"उधारी किती?"

"तेही नाही सांगता येणार."

"नफा तरी?"

उरासानं कपाटाला पाठ लावून नुसती मान हलवली. मालकांचे डोळे मिटले.

मॅडम मात्र खूश झाल्या. "बघितलंत, पाझी? याला म्हणतात चग्गा! बँकेसमोरसुद्धा आकडा तोंडातून बाहेर काढत नाही. पैसा अशाच माणसाकडे टिकतो. आमच्या हायांमध्ये असता तर आत्तापर्यंत इंग्रजीत भाषण झालं असतं." आणि त्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या. विनोद स्वतःच्या जमातीवर केला, की बाकीच्यांच्या जमातीवर करायला मोकळीक मिळते, असा आमच्याकडे समज आहे.

तेवढ्यात फाटकात बैलानं मान झटकली. वासरं हरवणाऱ्या माणसानं बैलाचं काय करायचं? एलियानं दोर सोडला आणि शुका सावरत पत्र्यांच्या थप्पीवर चढला. बैल थेट आत शिरला. खिळ्यांची पेटी उलटली, रंगाचे डबे गडगडले, सुकुमा हमाल रुंद पाठी दाखवत पळाले, आणि मॅडम फाइल छातीशी धरून गल्ल्याच्या टेबलावर चढल्या.

"मसाई! अरे ए मसाई! धर त्याला!" मालक खालून ओरडत होते.

"मालक, मी हिशोबनीस आहे!" थप्पीवरून उत्तर आलं. नशिबानं त्या गोंधळात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

शेवटी उठला तो उरासा. उतारावरच्या चग्ग्यांची गुरं घरामागच्या गोठ्यातच वाढतात, केळीचा पाला खाऊन. त्यानं पिलाव शिजवायला आलेल्या खाणावळवाल्या बाईच्या पाटीतला केळीचा पाला उचलला, बैलाच्या नाकाशी धरला, गळ्याखाली खाजवलं आणि दोर हातात घेतला. बैल त्याच्यामागून चालू लागला.

आता कोणाच्या रक्तात काय आहे ते भर दुपारी, टेबलावर उभं राहून मॅडमनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्या खाली उतरल्या, कपडे नीट केले आणि म्हणाल्या, "चग्गा तो चग्गाच! एवढ्या किमतीची वस्तू हातची जाऊ देईल होय? आणि तो मसाई बघा. शहरात येऊन मसाईसुद्धा नासले." मग त्यांनी सही केली आणि सहीखाली अट लिहिली: नव्या गोदामाचा मॅनेजर हाच माणूस.

मालकांनी लगेच लाउडस्पीकर हातात घेतला. आपल्या वखारीत सगळ्या जमाती कशा भावासारख्या नांदतात, यावर ते बराच वेळ बोलले, आणि मग उरासाच्या गळ्यात हार घातला. बैल ठरल्याप्रमाणे पिलावात गेला.

मॅडमची गाडी वळली तसा एलिया मालकांसमोर उभा राहिला. "माझा शर्ट."

"जरा समजून घे, एलिया. अट लिहिलीय. काम काय, तूच करायचंस. फाटकावरच्या खोलीत टेबल टाकून देतो. गोदामाचे, वखारीचे, सगळे हिशोब तुझ्याकडे. सही तेवढी तो करेल."

"आणि पगार?"

"पगार फाटकाचा. मसाईला गल्ल्याचा पगार दिला हे बँकेला दिसलं, तर विचारतील की नाही? मी काय उत्तर देऊ?"

"उत्तर देऊ नका, लाज वाटून घ्या!" एलियाचा आवाज वखारभर गेला. "तुम्हाला झारामो म्हणून बँकेनं हाकललं तेव्हा सकाळ-संध्याकाळ शिव्या घालत होता ना? तेव्हा कळत होतं! त्या बाईसमोर मान घालून उभे राहिलात आणि तीच काठी माझ्या पाठीत घातलीत! नऊ वर्षं, मालक! नऊ वर्षं मी तुमचा एक शिलिंग इकडचा तिकडं होऊ दिला नाही, आणि आज—"

"बघ! बघ!" मालक दोन पावलं मागे सरले आणि गोळा झालेल्यांना म्हणाले, "चिडला की नाही? अखेर मसाई रक्त!"

हमालांनी माना डोलावल्या. उरासानं हारात हनुवटी खुपसली. आता एलिया जोरात बोलला तरी मसाई, आणि गप्प बसला तरी फाटकाचा मसाई. त्यानं शुका ओढून काढला, मालकांच्या पायाशी टाकला आणि गंजीफ्रॉक-पँटवर बाहेर पडला.

आंब्याखाली कोइनेत आजोबा टेम्पोची वाट बघत होते. पावलं ऐकून त्यांनी हाक मारली, "कोण जातंय? जरा थांब. आत तो टायवाला चग्गा आहे म्हणतात ना, त्याला बोलावशील का? काम आहे माझं."

"काय काम आहे?" एलियानं स्वाहिलीत विचारलं. बोलणं मसाई भाषेत ओठांवर आलं होतं, त्यानं ते गिळलं.

"मी अर्ध्या शहराला गुरं विकतो, पोरा. दलाल मला आंधळा समजून लुबाडतात. हिशोबाला माणूस पाहिजे. पगार त्याच्या मालकापेक्षा जास्त देईन."

एलिया बाकाकडे वळला. "आजोबा, तुमच्यातला कोणी शिकलेला मुलगा नाही का?"

"आमच्यातला?" आजोबा खो-खो हसले. "मसाई आणि हिशोब? तो चार गुरं मोजेल आणि पाचवं हरवून बसेल. नको रे बाबा. हिशोबाला चग्गाच हवा." मग हसू थांबवून म्हणाले, "एक पोर आहे म्हणा आत आमच्यातलं. मघाशी हाताखाली आलं. चांगलं वळण आहे. कोण ते?"

आत लाउडस्पीकरवर गाणी सुरू झाली होती.

"फाटकावरचा रखवालदार असेल," तो म्हणाला. "आणि तो टायवाला यायचा नाही, तो मॅनेजर झालाय. मी येतो. एलिया शिरिमा. मोशीचा."

"शिरिमा? अरे वा, चग्गा!" आजोबांनी बाकावर सरकून जागा दिली. "बस. सांग, मालक किती देत होता?"

एलियानं आकडा सांगितला. आजोबांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "तुम्ही लोक महाग असता बुवा. आमची पोरं हिशोबात निघाली असती, तर एवढा पैसा तुमच्या घशात घालायची वेळ आली नसती."

"खरं आहे, आजोबा," एलिया म्हणाला, आणि त्याच्या पुढच्या शब्दांत जो संताप होता तो आजोबांना पक्की व्यवहारबुद्धी वाटला. "म्हणूनच मी दुप्पट घेईन."