रिसबूड काकांचं मिलान

नेपरव्हिलमध्ये सगळे अंतर मैलांत मोजतात. आमचे शेजारी रिसबूड काका मिलानमध्ये मोजतात. एक मिलान म्हणजे कोपनहेगनहून मिलानला विमानाने लागणारा वेळ. साधारण दोन तास. शिकागोला भाजीला जायचं तर अर्धं मिलान जायला, अर्धं यायला. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला पाऊण मिलान. डेंटिस्टने ताटकळत ठेवलं, की घरी येऊन चडफडणार, "दीड मिलान खाल्लं मेल्याने!"

त्या मार्गाची त्यांना इत्थंभूत माहिती. "साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास. पण सीट पंखाच्या पुढची घ्यायची हं, नाहीतर आल्प्सऐवजी पंख बघत बसाल." स्वतः त्या विमानात कधी बसलेले नाहीत. फोनवर मात्र ते विमान कुठवर पोचलं, हे रोज बघतात. मंडळाच्या गणपतीत दुपारची आरती ऐन रंगात आली असताना "उतरलं!" म्हणून ओरडले. टाळ थांबले, सगळे वळून बघायला लागले. काका शांतपणे म्हणाले, "चालू द्या, वेळेत आहे."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कळलं नाही तर सरळ विचारायचं, ही सवय तिथेच लावून घेतली. घरी समजावून सांगणारं कोण होतं? तेव्हा एकदा विचारलंच, "काका, राहता तुम्ही इलिनॉयमध्ये. शिकागोहून किती वेळ लागतो ते कधी बोलत नाही. हे मधलंच काय धरून बसलात?"

"मंदार कोपनहेगनला, केतकी मिलानला," काका म्हणाले. "मला दोघंही लांबच. त्याला इलाज नाही. पण एकमेकांना दोन तासांवर आहेत गं! आणि बोलत नाहीत."

काकू गेल्या, त्या आठवड्यात बहीण-भाऊ भांडले. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून. दोघं वेगवेगळ्या कॅबने एअरपोर्टला गेले. आता दर रविवारी काकांना दोन फोन येतात. "हा विचारतो, 'इज शी ओके?' ती विचारते, 'इज ही ईटिंग?' मी म्हणतो, तुम्हीच विचारा की! मग दोघंही हवामानावर येतात."

यंदा दिवाळीच्या तोंडावर काका म्हणाले, "मला एअरपोर्टला सोडशील? आधी कोपनहेगन. तिथून मंदारला घेऊन मिलान. भाऊबीजेला भावाने जायचं असतं. त्याचंही तिकीट काढलंय."

"तो हो म्हणाला?"

"सांगितलंय कुठे? फोनवर नाही म्हणेल. दारात उभ्या बापाला नाही म्हणणं जड जातं."

"आणि केतकी?"

"तिला म्हटलं, मी येतोय, निरांजन घासून ठेव. 'व्हाय?' म्हणाली. मी फोन ठेवून दिला."

मला हसू आवरेना. काकाही रस्ताभर खुशीत होते. टर्मिनलपाशी मी बॅग उतरवून दिली, तरी ते जागचे हलेनात.

"काय झालं? पासपोर्ट राहिला?"

"आहे." त्यांनी खिसा चाचपला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तो आला, तर दोन तास शेजारी बसेल. मी काय बोलू गं त्याच्याशी?"

मी बॅगेचं हँडल उगाच वर ओढून दिलं.

"मुलांशी तुझी काकूच बोलायची सगळं," काका म्हणाले. "त्यांचा फोन आला, की मी नुसता तिच्या हातात द्यायचो."