साजनगर ते पळसपूर उड्डाणकाळ निश्चित करणेबाबत

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : डाकवाहक सगुणाबाई कबुतरीण यांचा रजेचा अर्ज.

बालमित्रांनो, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, एका जंगलात दोन शहरे होती. अलीकडे साजनगर, पलीकडे पळसपूर. मध्ये मोठे तळे.

सगुणाबाई रोज साजनगरची डाक पळसपूरला नेत आणि तिकडची घेऊन परत येत. डाक टाकली की लगेच फिरायचे, खासगी कामासाठी फांदीवर बसायचे नाही, असा नियम होता. जंगलात रविवार नसतो.

पळसपूरच्या डाककचेरीसमोर एक उंबर होता. त्यावर सगुणाबाईंची म्हातारी आई राहत असे. तिला आता दिसत नव्हते. पंखांच्या आवाजावरून ती लेकीला ओळखी.

"सगुणे, घडीभर टेक गं."

"आत्ता ड्यूटीवर आहे, आई. रजा घेऊन येते."

सगुणाबाईंनी एका दिवसाची रजा मागितली. मुख्य कारकून साळिंदरराव यांनी अर्ज वाचला. मग अंगावरचा एक काटा उपटून शाईत बुडवला.

"रजेत प्रवासाचा वेळ धरावा लागतो. किती लागतो?"

"अर्धा तास."

"कशावरून?"

"रावसाहेब, मी रोज जाते."

"ते ड्यूटीवर. रजेवर किती लागतो?"

रजेवर सगुणाबाई कधी गेल्याच नव्हत्या.

साळिंदरराव समजूतदार होते. त्यांनी अंतर मोजायला कासवअण्णांना पाठवले. अण्णा तळ्याला वळसा घालून निघाले. शिवाय पळसपूर कचेरीचा अभिप्राय हवा होता, म्हणून अर्ज डाकेने तिकडे धाडला. डाक अर्थात सगुणाबाईंनीच नेली. 'अंतर मोजल्यावर फेरसादर करावा' असा शेरा घेऊन त्याच परत आल्या. जाताना अर्धा तास लागला, येतानाही अर्धाच. त्याची नोंद घेण्याची तरतूद नव्हती.

वाटेत खाली अण्णा दिसत.

"अण्णा, कुठवर आलात?"

"काल होतो त्याच्या पुढे आहे. घाई करू नकोस, पोरी. मोजणी चुकते."

"मैत्रिणीला बोलावते. आम्ही दोघी काठी धरतो, तुम्ही ती तोंडात धरा. तळ्यावरून नेतो."

"आमच्या घराण्यात एकजण तसे निघाले होते," अण्णा म्हणाले. "लवकर पोचले. पण खाली."

उंबराला फळे आली. पिकली. गळून गेली.

एके सकाळी उंबरावरून हाक आली नाही. सगुणाबाईंनी डाक टाकली. उंबराभोवती एक घिरटी घातली. त्या दिवशी परतायला त्यांना थोडा उशीर झाला, म्हणून खुलासा मागवण्यात आला. त्यांनी 'समोरून वारा होता' असे लिहून दिले. खुलासा मान्य झाला.

आईची बातमी मात्र दुसऱ्या दिवशी रीतसर डाकेने आली. साळिंदररावांनी दुःख व्यक्त केले आणि रजेच्या अर्जावर शेरा लिहिला : 'निकड उरलेली नाही. सबब, प्राधान्याने विचार करण्याचे कारण दिसत नाही.'

कासवअण्णा निम्म्या वळशावर आहेत. अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य : सावकाश चालणारे कासव शेवटी पोचतेच. तोवर बाकीच्यांनी, पंख असले तरी, थांबावे.