दत्तूभावजींच्या रिकाम्या पेट्या

आमच्या दत्तूभावजींनी जन्मभर अ‍ॅम्प्लिफायरच्या पेट्या केल्या आणि त्यातल्या एकाही पेटीत आजवर अ‍ॅम्प्लिफायर बसलेला नाही. एकीत माझे कांदे आहेत. एकीत लसूण. एकीत सांडगे ठेवले होते, पण हवा खेळायला तिला मागं भोकं पाडलेली. त्यातून मुंग्यांनी ये-जा सुरू केली, तेव्हा सांडगे काढून चपला ठेवल्या.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. कळंबच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते, आता निवृत्त. मी या घरात नवी नवरी म्हणून आले तेव्हा जगातलं सगळं शहाणपण माझ्यापाशी होतं. मॅट्रिक पास, त्यात लातूरची! पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना हळूच विचारलं, "भावजी दिवसभर पत्रा का वाजवत बसतात? डोक्याचं काही आहे का?"

सासूबाई म्हणाल्या, "डोकं लई चांगलं हाय. तेच तर वाईट हाय."

प्रकरण असं होतं. मोठ्या शहरातल्या स्टुडिओत आवाजाची यंत्रं लोखंडी चौकटीत एकावर एक बसवतात, फडताळात डबे लावावेत तशी. प्रत्येक यंत्राचं तोंड एकोणीस इंच रुंद, कुठल्याही कंपनीचं असो. हे चित्र भावजींनी कुठल्याशा मासिकात पाहिलं आणि माणूस कामातून गेला.

"वहिनी, एकोणीस म्हंजे एकोणीस. तुमच्या पोळीवानी न्हाय, एक आफ्रिका नि एक श्रीलंका."

माझ्या पोळ्या तशाच व्हायच्या, त्यामुळं मी दोन दिवस अबोला धरला. तो भावजींच्या लक्षातच आला नाही. ते पत्रा कापत होते.

आता अशी पेटी कळंबात मिळणार कुठं? धान्याच्या कोठ्या आणि नवरीच्या ट्रंका करणारे एक कारागीर होते, त्यांना भावजींनी नकाशा काढून दिला. त्यांनी पेटी सुरेख केली, आणि हाताच्या सवयीनं तिला कडीकोयंडा लावून झाकणावर मोर काढून दिला. भावजी मोराकडं बघत ओसरीवर बसून राहिले. त्या पेटीत माझे कांदे आहेत.

मग उमरग्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथं हायवेवर मोडलेल्या ट्रकांचं भंगार मिळतं. त्यातून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा निवडून भावजी तो एसटीनं शेजारच्या सीटवर टेकवून आणायचे. कंडक्टर म्हणायचा, "मास्तर, पत्र्याचं अर्धं तिकीट काढा." पेटीच्या पायांना दवाखान्यातून आणलेली इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं. बटणांच्या जागी तूर्तास टूथपेस्टची टोपणं. मुठी माझ्या कपाटाच्या, न विचारता काढलेल्या. आणि त्याखाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात रंगवलेलं: आवाज, जाड, बारीक.

लग्नाचंही तसंच झालं. येडशीला मुलगी पाहायला गेलो. मुलगी चांगली, पोहे चांगले. पाहुणे म्हणाले, "मुलीला काय विचारायचं ते विचारा." भावजींनी तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि म्हणाले, "ह्या कपाटाची खोली किती असंल?" मुलीचे वडील उठून उभे राहिले. "कपाट देणार न्हाय आमी. आधीच सांगतो."

मी घरी येईपर्यंत पदरात तोंड खुपसून हसत होते. भावजींनी दुसरी मुलगी पाहिली नाही, तेव्हा मला त्यात हसण्याजोगंच जास्त दिसलं होतं.

पेटीत जे बसायचं ते भावजींचं कामच नव्हतं. ते मल्लूचं. मल्लिनाथ, भावजींचा दोस्त, उमरग्याकडचा, घरात कानडी बोलणारा, कळंबात रेडिओ दुरुस्त करायचा. वायरी, त्या जोडायला कथलाचा डाग देणं, सगळं त्याच्याकडं. भावजींकडं फक्त पेटी. दोघांनी मिळून अ‍ॅम्प्लिफायर करून विकायचे, असा बेत होता. मल्लू सगळं एका लाकडी फळीवर जोडून आणायचा आणि आमच्या ओसरीवर वाजवायचा. मला त्यातलं काही कळत नाही, पण गल्लीतल्या बायका भाकरी थापायच्या थांबून ऐकायच्या.

मल्लू म्हणायचा, "अय्यो दत्त्या, फळीवरच विकू की! लोकं आवाज घेत्यात, डबा न्हाय."

"उघडं न्हाय जायचं बाहेर," भावजी म्हणायचे. "एक महिना थांब. कोपरा नीट बसंना."

कोपरा बसला की रंग फुगायचा. रंग जमला की भोकांची ओळ केसभर तिरकी दिसायची, फक्त भावजींना. मल्लूचं लग्न झालं, पोरगं झालं, आणि घर चालवायला तो हैदराबादला एका कारखान्यात लागला. दिवाळीला यायचा, पेटी पाहायचा, परत जायचा. पुढं दिवाळीलाही येईना.

गेल्या वर्षी भावजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, जमली." मी चष्मा लावून पाहिली. खरंच जमली होती. दुकानातल्या यंत्रासारखी, काळीभोर. त्यांनी मल्लूला फोन लावला. तो म्हणाला, "पोरगा-सून तुळजापूरला दर्शनाला निघालेत. मला दुपारभर तुझ्याकडं सोडायला लावतो."

भावजींनी केस कापले. मल्लूच्या हातचा पहिला डाग लागावा म्हणून दोन वायरी आणि डाग द्यायची कावी, ती विजेवर तापणारी सळई, टेबलावर मांडली. इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून दारात उभे.

मल्लू आला तो उजवा हात खिशात घालूनच. अंगानं वाळला होता. पेटी पाहिली आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याचा तरुणपणचा आवाज ऐकू आला. "दत्त्या! कंपनीचा माल वाटतोय की रे!" त्यानं डाव्या हातानं पेटी चारही बाजूंनी चाचपली.

"आता तुझं काम," भावजी म्हणाले आणि तापलेली कावी त्याच्या पुढं केली.

मल्लूनं उजवा हात बाहेर काढला. कावी धरली. तिचं टोक वायरीला लागेना. पेटीच्या कडेवर नुसतं टकटक, टकटक वाजत राहिलं. त्यानं डाव्या हातानं मनगट धरून पाहिलं, तरी वाजतच राहिलं.

"चष्मा इसरलो बघ," मल्लू म्हणाला. चष्मा त्याच्या नाकावर होता.

भावजींनी वळून प्लग काढला. "राहू दे. आज तसंबी जमणार न्हाय. माझंच चुकलंय. पत्रा पातळ पडलाय."

"पातळ? तुझा?"

"तुझा एवढा जड ट्रान्सफॉर्मर ठिवला तर बूड वाकंल."

खरं तर त्याच्या आधीच्या दसऱ्याला, रंग लागायचा होता तेव्हा, जळमटं काढायला मी त्याच पेटीवर उभी राहिले होते. माझं आजचं वजन मी सांगणार नाही, पण पेटीनं हूं की चूं केलं नव्हतं. मी तोंड उघडलं. भावजींनी माझ्याकडं पाहिलं. विशीतली असते तर खरं बोलून मोकळी झाले असते. आता साठीत मी म्हणाले, "मी सांगतच होते. पोकळ वाजतंय म्हणून."

मल्लूला तेवढंच हवं होतं. त्यानं हात खिशात घातला आणि भावजींना झाडायला सुरुवात केली. "तवाच म्हनलं हुतं का न्हाय, जाड पत्रा घे म्हणून? ऐकतोस का कुणाचं? मास्तर झाला म्हंजे काय लोखंड कळतंय व्हय?" पेटीबद्दल कधी एक शब्द ऐकून न घेतलेले भावजी मान खाली घालून ऐकत होते. मी मल्लूला चहा कपबशीत न देता स्टीलच्या पेल्यात अर्धा भरून दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि झाडणं चालू ठेवलं. किती दिवसांनी त्या ओसरीवर एवढा आवाज झाला.

पोराची गाडी आली. मल्लू बसता बसता म्हणाला, "जाड घे ह्या बारीला."

"जाड घेतो," भावजी म्हणाले.

गाडी वळणाआड गेली तरी ते तिथंच उभे होते. मल्लू आता येणार नाही, हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी भावजी दिवसभर घरात नव्हते. संध्याकाळी खांद्यावर जाड पत्रा घेऊन आले, एवढा जड की दारात टेकवताना धापा टाकत होते.

"आता हा कशाला हो, भावजी?"

"मल्लूला शब्द दिलाय न्हवं," म्हणाले, आणि पाणी मागितलं.