उस्ताद आणि बेडरूमपुढचं कपाट

उस्तादांनी कपाटाला हात लावला तो निव्वळ घराच्या भल्यासाठी. एवढं त्यांच्या बाजूने आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण यापुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही नाही.

उस्ताद हे त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसात ते जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसत आणि तिथे त्यांना "अहो, जरा बघा ना" यापलीकडे कोणी हाक मारत नसे. पण 'गोदाम' नावाच्या कॉम्प्युटर गेमच्या दुनियेत ते उस्ताद होते. गेम दिसायला साधा. गोदामात एक बुटका माणूस असतो. त्याने पेट्या ढकलत ढकलत ठरलेल्या जागी न्यायच्या. पेटी फक्त ढकलायची, ओढायची सोय नाही. म्हणजे एखादी कोपऱ्यात गेली की खेळ खलास. या खेळात उस्तादांचा जगात तिसरा नंबर होता. शिवाय ते स्वतः लेव्हल तयार करत, आणि त्या इतक्या नतद्रष्ट असत की देशोदेशीचे खेळाडू त्यांना मोठ्या आदराने शिव्या घालत.

घरात मात्र या कीर्तीचा उजेड पडत नव्हता. "या खेळाचा घराला काडीचा तरी उपयोग आहे का?" असं बायको विचारायची. (प्रश्न जुना होता. उत्तर अजून सापडलेलं नव्हतं.) उस्ताद हसण्यावारी न्यायचे, पण ते त्यांना लागायचं.

आणि त्या दिवशी संधी चालून आली. हॉलला रंग द्यायचा होता. सामान हलवायला दुपारी हमाल येणार होते. पण घरातली मोठी गोष्ट ती नव्हेच. बायको रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये कामाला होती, तिथल्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि दहा वाजता तिचा इंटरव्ह्यू होता. या जागेसाठी तिने काय काय सोसलं होतं ते उस्तादांना ठाऊक होतं. सासूबाई तर मुलीला धीर द्यायला म्हणून आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या.

"मी तयार होते. तुम्ही कशालाही हात लावू नका," असं बजावून बायको बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

उस्तादांनी हॉलकडे एक नजर टाकली. सोफा, टीपॉय, लोखंडी कपाट. त्यांना सामान दिसेचना, लेव्हल दिसायला लागली. तीसुद्धा सोपी, नवशिक्यांची.

"जावईबापू, हमाल यायचेत ना?" स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंनी विचारलं.

"आई, हमाल नुसते उचलतात. इथे डोकं लागतं."

सासूबाई आत वळल्या. जगात तिसरा आलेल्या माणसाला आपण काय सांगणार?

फरशी नुकतीच पुसलेली होती, साबणाच्या पाण्याने. उस्तादांनी कपाटाला खांदा लावला आणि ते धूड चक्क सरकलं! हॉलमधून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून थेट टोकापर्यंत, आणि तिथे 'धप्प' करून थांबलं. हॉलमधलं सगळ्यात अवजड सामान हललं. उस्तादांची छाती फुगली. ती पुरती फुगेपर्यंत पॅसेजच्या टोकाला काय आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

टोकाला बेडरूमचं दार होतं. ते आतल्या बाजूला उघडलं.

"अहो," कपाटामागून आवाज आला, "दारात कपाट आहे."

"हो."

"का आहे?"

"तू आतून ढकल," उस्ताद म्हणाले. आतून धापा ऐकू आल्या. पण कपाट दोन्ही भिंतींमध्ये चपखल बसलं होतं आणि फरशीही आता वाळली होती. खिडकीला गज होते. उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्या बाजूने ढकललं तर आणखीच घट्ट बसणार," ते कपाळाला हात लावून म्हणाले. "आणि ढकलायला पलीकडे यावं तर मध्ये कपाट."

"अहो, साडेनऊ वाजलेत!"

माणूस संकटात आपल्या माणसांकडे धाव घेतो. उस्तादांनी मोबाइल काढला, घराचा नकाशा रेखाटला आणि जगभरच्या गोदामकरांपुढे टाकला. उत्तरं पटापट आली. उस्तादांचा चेहरा हळूहळू उजळला.

"सगळे म्हणताहेत, फारच सुंदर अडकवलंय."

"कोणाला?"

"तुला."

उस्ताद घाईघाईने पुढे वाचू लागले. "एक जण म्हणतो, तिसऱ्याच चालीत खेळ संपलाय. आता पहिल्यापासून सुरुवात करा."

"पहिल्यापासून म्हणजे कुठून? लग्नाच्या आधीपासून?"

सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या. उस्ताद कपाटाच्या मुठीवर कपाळ टेकवून उभे होते. त्यांना खरोखर रडू येत होतं. आपल्यामुळे हिची संधी जाणार, आणि तीही ज्या एका गोष्टीत आपल्याला गती आहे तीच करताना!

"अहो," आतून आवाज आला. आता तो रडवेला होता. "ओढून पाहिलंत ना नीट? जरासुद्धा हलत नाही का?"

"ओढून?" उस्ताद म्हणाले.

आतून एकेक शब्द सुटा सुटा आला. "तुम्ही. ओढून. पाहिलंच नाहीत?"

"मला मघाशीच वाटलं होतं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पण म्हटलं, एवढे तिसरे आलेत, काहीतरी विचार असेल."

उस्तादांनी मूठ धरून सगळ्या ताकदीनिशी ओढलं. कपाटाचं दार उघडलं आणि घरातल्या तमाम रजया, दोन उशा आणि छत्री त्यांच्या अंगावर कोसळली. सासूबाईंनी त्यांना ढिगाऱ्यातून बाहेर काढलं, दार लावून किल्ली फिरवली, पदर खोचला आणि कपाटाची एक कड पकडली. बाहेरून दोघांनी ओढलं, आतून एकीने रेटलं. कपाट मुकाट्याने हॉलमध्ये आलं.

बायको बाहेर पडली. उस्तादांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. खाली टॅक्सीचं दार आपटल्याचा आवाज तेवढा वर आला.

तो दिवस उस्तादांनी सोफ्यावर बसून काढला. गेम उघडायचीही त्यांना लाज वाटली. संध्याकाळी बायको आली, चपला काढल्या आणि पाणी प्यायली.

"उशीर झाला का गं?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"झाला. उशीर का झाला ते त्यांनी विचारलं. मी जसं घडलं तसं सांगितलं."

"मग?"

"मोठ्या साहेबांना हसून ठसका लागला. म्हणाले, घरी हे सांभाळून तुम्ही नोकरी करता, तर आमची लॅब तुम्हाला जड जाणार नाही. जागा मिळाली मला."

सासूबाईंनी मुलीला जवळ घेतलं. उस्तादांचे डोळे भरून आले. आणि लगेच (जित्याजागत्या नवऱ्याला हा मोह आवरत नाही) ते म्हणाले, "म्हणजे माझा हातभार लागलाच की!"

"लागला ना. साहेबांनी तुमच्यासाठी खास निरोप दिलाय."

उस्तादांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"पुढच्या आठवड्यात आमची लॅब नव्या इमारतीत हलवतायत," बायको म्हणाली. "तेवढे दिवस तुम्हाला तिकडे फिरकू देऊ नका म्हणाले."