शेवाळ खाणारा पैलवान

वरच्या खोलीतला भाडेकरू बंगळूरला निघाला तेव्हा म्हणाला, "दादा, ही माशांची टाकी नेणं काही जमत नाही. तुम्हाला हवी का?" दयानंद म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हितंच." एवढंच म्हणाला बिचारा, आणि घरातली शांतता गेली.

टाकी खाऱ्या पाण्याची. आत दोन नारिंगी मासे, चार खडक आणि महिन्याभरात काचेवर नि खडकांवर चढलेलं केसाळ हिरवं शेवाळ. मासे दिसेनात. मुळशीतल्या माणमध्ये खोल्या भाड्यानं देऊन दिवसभर सोफ्यावर बसणाऱ्या दयानंदाला (तो याला 'देखरेख' म्हणतो) टाकीपुढं बसायचा भारी नाद लागला. त्याच्या बायकोचं, उज्वलाचं, मात्र डोकं फिरलं.

"रविवारपर्यंत ह्ये हिरवं गेलं न्हाई, तर टाकी गोठ्यात. हितं माझी शिलाई मशीन यील."

 दयानंद तडक पुण्याला गेला आणि शेवाळ खाणारा हिरवा खेकडा घेऊन आला. खेकडा रुपयाएवढा, पण नाव ठेवलं पैलवान.

नेमक्या बुधवारी सासूबाई आल्या. चंद्राबाई, कोळवणच्या. भातखाचरातल्या बिळात बेधडक हात घालून खेकडे काढणाऱ्या, आणि त्यांचा रस्सा करावा तर त्यांनीच. तांदळाची पिशवी खाली ठेवून त्यांनी आधी टाकीला डोळा लावला.

"जावईबापू, मिठाच्या पान्यात मुरायला घातलाय व्हय?"

दयानंदाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"मामी, पाळलाय त्यो. शेवाळ खातो."

"बरं बरं. पर किती मोटा झाल्यावर...?"

तेव्हापासून त्यानं पहाराच धरला. सासूबाई पाणी प्यायला उठल्या तरी हा मागं. त्यांनी खोबरं भाजायला घेतलं की याचा जीव खालीवर. (जेवताना खुर्ची टाकीकडं फिरवून बसायचा, म्हणजे बघा.)

आणि शुक्रवारी सकाळी पैलवान गायब! कचऱ्याच्या डब्यात त्याचं कवच. आठ पाय, दोन नांग्या, सगळं जागच्या जागी, आतून मात्र स्वच्छ पोकळ. इतक्या निगुतीनं खेकडा चोखणारं माणूस अख्ख्या मुळशीत एकच!

दुपारी ताटात लालभडक रस्सा आला.

"कशाचा हाय?" त्यानं ताट लांब सारलं.

"खा तरी. कळंल."

"मला कळलंय! पैलवानाला खाल्लं तुमी!"

चंद्राबाईंनी पिशवी उचलली. "उज्वले, चालले मी. आमच्याकडं पाटी भरभरून खेकडं, आन ह्ये म्हणत्यात मी ह्यांचा किडा खाल्ला! वांग्याचा रस्सा हाय गं, वांग्याचा!"

"अहो, आधी माफी मागा!" उज्वला कडाडली.

"मग ते कवच?"

चंद्राबाई दारातनं मागं फिरल्या. शेतकऱ्याच्या पोराला एवढं कळू नये, याचाच त्यांना जास्त राग आला. "आवो, खेकडा कात टाकतो! पाठ उकलून मागनं भाईर येतो. आंग मऊ आसतंय, म्हणून दडतो. सालपट कुजून वास मारंल म्हणून म्याच काढलं." बांगड्या वर सारून त्यांनी टाकीत हात घातला आणि एक खडक उचलला. खाली पैलवान, पहिल्यापेक्षा दीडपट!

दयानंदानं कान पकडले, पाय धरले. तेव्हा कुठं पिशवी खाली आली.

"पर ह्यानं शेवाळाला तोंड बी लावलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "चारतंय कोण ह्याला?"

दयानंदानं खाण्याचा डबा हळूच पाठीमागं सारला. (दिवसातनं पाच वेळा. माशांना वेगळं, पैलवानाला वेगळं.)

"म्हंजी तुमीच! उरलेलं कुजतंय, त्येच्यावर शेवाळ माजतंय. आन बसून खायला मिळाल्यावर राबंल कशाला कोण?" हे बोलताना त्या टाकीकडं बघत नव्हत्या.

उज्वलानं निकाल दिला, "रविवारी दोघांनाबी काम केल्याबिगर खायला न्हाई."

रविवारी दयानंद जुना दातांचा ब्रश घेऊन काचेला भिडला आणि आत पैलवान खडकाला. भूक म्हणजे काय ते दोघांनाही कळलं. संध्याकाळी मासे दिसायला लागले आणि उज्वला म्हणाली, "बरं, ऱ्हाऊ द्या टाकी." दयानंदाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

चंद्राबाई वाकून कौतुकानं बघत म्हणाल्या, "उज्वले, वाढ गं आता. लई राबलाय गडी."

दयानंद हात धुऊन लगबगीनं ताटावर बसला. उज्वला आली, चिमूटभर खाणं टाकीत टाकलं आणि परत गेली.