पंचेचाळीसचा आरसा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सामंत आरसा फुटात मोजत नाहीत, वर्षांत मोजतात. दुकानात शिरले की पहिला प्रश्न, "ह्याच्यात बाई केवढ्याची दिसते?" दुकानदाराला वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मग सामंत माझ्याकडे बोट करतात. "वहिनी, जरा उभ्या राहा."

ती बाई म्हणजे मी. वय सदुसष्ट, लपवायचं काही कारण नाही. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली, मुलांच्या जन्मतारखा पुढे-मागे सरकवणारे भलेभले बाप काउंटरवरून परत पाठवले. खोटं मला खपत नाही, आणि सामंतांना माझ्यातलं नेमकं तेवढंच आवडलं असावं. कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत बायकांना काय तोटा? पण आरसे बघायला जाताना त्यांना मीच लागायचे.

सामंत मूळचे मालवणकडचे, नोकरी मात्र सगळी तुर्भ्याच्या एका कारखान्यात. तिथे तयार माल तपासायचं काम. बोल्ट मापात बसला तर "पास", नाहीतर "रद्द". रिटायर होऊन कैक वर्षं झाली, पण तपासणी काही थांबली नाही. भाजीवाल्याची गवार तपासतात. लिफ्टचं दार किती सेकंदांत लागतं ते वॉचमनला सांगतात. मागे सोसायटीच्या सत्यनारायणाला प्रसादाचा घास तोंडात टाकून म्हणाले, "साखर प्लस साइडला आहे." गुरुजींच्या समोर. प्रत्येक गोष्टीला त्यांची ठरलेली सूट असते, "प्लस-मायनस दोन चालेल." त्यापलीकडे ब्रह्मदेवाने आणून दिलं तरी रद्द.

बसणं हा प्रकार त्यांना माहीत नाही. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. माझ्याकडे आले की हॉलभर फिरत बोलतात, आणि मी मान इकडून तिकडे वळवत ऐकते. आधीही ते काही निवांत नव्हते, पण दीड वर्षापासून तर पायाला भिंगरीच लागली होती.

दीड वर्षापूर्वीच त्यांच्या घरातले आरसे गेले. बेसिनवरचा त्यांनी मला दिला. बाथरूममधला वॉचमनला दिला. कपाटाला जो होता तो काढता येईना, म्हणून त्यावर जुन्या कॅलेंडरचे कागद उलटे चिकटवले. सोसायटीत कुजबुज झाली की कुठल्यातरी वास्तुवाल्याने सांगितलं असणार. मीही त्यात मीठमसाला घातला, खोटं कशाला बोलू. आणि मग याच माणसाने आरसा शोधायला सुरुवात केली. हॉलच्या भिंतीला खिळा ठोकून तयार. आरसा जुनाच पाहिजे, आणि पंचेचाळीसचा पाहिजे.

"कशाला हो?" मी विचारलं.

"घरात आरसा लागतो," म्हणाले. एवढंच. कुमुदताई, म्हणजे त्यांच्या बायको, माझ्याच वयाच्या, माझ्याच चणीच्या. त्या खाली यायच्या बंद झाल्या होत्या. त्यांचं विचारलं की सामंत "बरं नसतं तिला" म्हणून गवारीवर घसरायचे.

मी का जायचे म्हणाल तर घरी एकटीच असते, आणि परतताना सामंत उसाचा रस पाजतात. शिवाय त्यांच्याबरोबर आरसा बघणं ही करमणूक होती. खिशात टॉर्च, एक रुपयाचं नाणं आणि चष्म्याचा फडका. आरसा समोर आला की ते तोंडाकडून बघतच नाहीत. आधी उलटा करायला लावतात. "पाठ बघायची, वहिनी. तोंडाकडून सगळेच बरे दिसतात." पाठीची फळी काळवंडलेली हवी, खिळे गंजलेले हवेत. मग नाणं काचेला टेकवायचं आणि नाणं नि त्याचं प्रतिबिंब यांच्यात किती फट आहे ते बघून काच केवढी जाड ते ठरवायचं. मग टॉर्च मारून मागचा मुलामा किती उडालाय ते बघायचं. आणि हे सगळं पास झालं की शेवटी माझा नंबर.

ऐरोलीला एका चकचकीत दुकानात गेलो होतो. आजूबाजूला सगळी कंपन्यांची ऑफिसं, त्यामुळे दुकानातली मुलगी इंग्रजीतच सुरू झाली. आरसा 'डिस्ट्रेस्ड' आहे म्हणाली. सामंतांनी त्याला उलटा केला. पाठ नवीकोरी, नुसते पुढून डाग पाडलेले. "ह्याला म्हातारा केलाय," सामंत तिला म्हणाले, "मला म्हातारा झालेला पाहिजे." मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, बाई, मला काय विचारतेस, मी फक्त उभी राहायला आलेय.

आमचा खरा मुक्काम तुर्भ्याला, गफूरभाईंच्या शेडमध्ये. ट्रकांच्या रांगेमागे पत्र्याची शेड, पाडलेल्या बंगल्यांतलं, बंद पडलेल्या हॉटेलांतलं सामान तिथे येतं. सलूनचे आरसे, ड्रेसिंग टेबलं, टोप्या अडकवायच्या खुंट्यांचे आरसे. सगळ्यांत एकेक कोपरा धूळ आणि एकेक कोपरा मी.

"सेठ, मिरर फूट में बिकता है, उमर में नहीं," गफूरभाई दर वेळी सांगायचे. सामंत दर वेळी दुर्लक्ष करायचे. मला उभं करायचे, चार पावलं मागे जायचे, मान वाकडी करायचे. "बासष्ट. रद्द." पुढचा. "अठ्ठावन्न. रद्द." एका सलूनच्या आरशात तर बाहत्तर म्हणाले. ते मला इतकं लागलं की त्या दिवशी उसाचा रस मी अर्धा टाकला.

असं सात-आठ महिने चाललं. आणि एक दिवस सामंतांनी कहर केला. स्वतःच्या डोळ्यावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता म्हणे, तुलना करायला तिसरा माणूस हवा. त्यांनी शेडमध्ये माल उतरवणाऱ्या टेम्पोवाल्याला बोलावलं आणि विचारलं, "ह्या आरशातली बाई केवढ्याची वाटते?" त्या मेल्याने आरशाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "आजी ना? सत्तर-पंच्याहत्तर."

"प्लस साइडला आहे," सामंत पुटपुटले, "म्हणजे रद्दच."

मग मात्र माझी सटकली. भर शेडमध्ये मी त्यांना सुनावलं. म्हटलं, तुमचा आरसा गेला खड्ड्यात. सात-आठ महिने माझ्या सुरकुत्या मोजताय, मी काय तुमचा बोल्ट आहे? पंचेचाळीसची बाई बघायचीये तर पंचेचाळीसची बाई आणा बरोबर, सदुसष्टची कशाला नेता? आणि बाहेर येऊन रिक्षात बसले.

सामंत मागून आले, शेजारी बसले. बसले, हेच नवल. रिक्षा सानपाड्याला आली. मग समोर बघत म्हणाले, "पंचेचाळीसची बाई घरी आहे, वहिनी. तिला सदुसष्टची दिसते, म्हणून तर सगळं."

आणि त्यांनी सांगितलं. कुमुदताईंचं विसरणं दोन-तीन वर्षांपासूनचं. आधी गॅस, मग नावं. मग एका सकाळी बेसिनच्या आरशात बघून त्या किंचाळल्या. घरात कोणीतरी म्हातारी शिरलीय, आपल्याकडे टक लावून बघतेय. प्रत्येक आरशात ती म्हातारी. म्हणून आरसे काढले. पण आरसे गेल्यावर दुसरीच पंचाईत झाली. कुमुदताईंचा जन्मभराचा नेम, आंघोळ झाली की आरशासमोर बसून आधी कपाळाला मेण, मेणावर पिंजर, आणि कुंकू लागल्याशिवाय तोंडात घास नाही. बाकी सगळं विसरल्या, हा नेम विसरल्या नाहीत. सकाळी आठपासून कुंकवाचा करंडा हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतात, माझा आरसा कुठाय विचारतात. मदतीला येणाऱ्या मावशींनी एकदा लावायचा प्रयत्न केला तर हात झटकला. "मी काय लहान आहे?" कधी दुपारी तीनला दमून थोडं खातात, कधी खातच नाहीत. दीड वर्षात अर्ध्या झाल्या.

"माझ्या मते ती स्वतःला पंचेचाळीसची समजते," सामंत म्हणाले. "आमची मुलगी प्रीती अजून दहावीला आहे, असं बोलते, त्यावरून हिशोब काढला. तेवढीच दिसली तर घाबरणार नाही. नव्या आरशात जमत नाही. जुना मुलामा जरा उडालेला असला की सुरकुत्या खातो. पण फार उडालेला असला तर तोंडच दिसत नाही. मापातला पाहिजे."

मला रडूच आलं, आणि मला रिक्षात रडायला अजिबात आवडत नाही. म्हटलं, भावोजी, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही दयेपोटी कमी वय सांगितलं असतं. माप चुकलं असतं."

दुसऱ्या दिवशी मीच त्यांची बेल वाजवली. कुमुदताईंसारखा मधोमध भांग पाडला, त्यांच्यासारखं मोठं कुंकू लावलं आणि म्हटलं, चला, किती आरसे राहिलेत? आता मला दम निघत नव्हता. सामंत एकदा मागे जायचे तर मी तीनदा जायला लावायचे. गफूरभाईंना कारण कळलं तसे तेही फूट विसरले आणि स्वतःहून म्हणायला लागले, "सेठ, यह देखो, पचास का है."

नवरात्राच्या तोंडावर तो सापडला. शिसवी चौकट, लंबगोल काच, कडेने तांबूस डाग चढलेले. पाठ पास, नाणं पास. मी समोर उभी राहिले आणि मलाच क्षणभर ओळख पटली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात होते तशी कोणीतरी बाई उभी होती. सामंत चार पावलं मागे गेले, मान वाकडी केली, आणि फडक्याने चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"सत्तेचाळीस," शेवटी म्हणाले. "मापात आहे."

आरसा खिळ्याला लागला तेव्हा मी तिथेच होते. सामंतांनी खिडकीचा पडदा अर्धा ओढला, पिवळा दिवा लावला, आणि कुमुदताईंना खांद्याला धरून आणलं. त्यांच्या हातात करंडा होता. त्या बघत राहिल्या. मी देवाचं नाव घेत होते.

"बाई गं, केसांचा काय अवतार झालाय माझा," कुमुदताई म्हणाल्या.

मग त्यांनी मेण घेतलं, बोटाने गोल फिरवलं, त्यावर पिंजर लावली. हात जरासुद्धा हलला नाही. बरोबर मधोमध कुंकू. मी सामंतांकडे बघितलं तर ते त्यांच्यामागे उभे राहून लहान मुलासारखे हसत होते. आणि त्याच वेळी कुमुदताईंची नजर आरशात वर गेली.

"हे आजोबा कोण आलेत?" त्यांनी मला हळूच विचारलं. "उभे का? त्यांना बसायला द्या. पाणी द्या."

सामंत एक पाऊल बाजूला सरकले. आरशात दिसेनासे झाले. मी काही बोलणार तर त्यांनी हाताने थांबवलं आणि खुर्चीवर पाहुण्यासारखे बसले, गुडघे जुळवून. कुमुदताईंनी त्यांना विचारलं, कुठले तुम्ही? ते म्हणाले, इथलेच, कामोठ्याचे. मग कुमुदताई दोन वाट्या वरणभात जेवल्या. वर लोणचं मागून घेतलं. सामंत त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत होते.

त्या रात्री माझ्या ध्यानात आलं. आरसा बायकोपुरता मिळाला, नवऱ्याचं माप कोणी काढलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला माझी बेल वाजली. दारात सामंत. डोक्याला काळाकुळकुळीत कलप, मिशीला कलप, डाव्या कानाच्या पाळीला कलप. अंगात कधीचा तरी निळा शर्ट, त्याची बटणं पोटावर कशीबशी तग धरून. खांद्याला कारखान्याच्या दिवसांतली डब्याची पिशवी. खालच्या मजल्यावरची पोरं त्यांना बघून खिदळत वर आली होती, ती मी डोळे वटारून परत पाठवली.

सामंत माझ्या दारात उभे राहिले, मला करायला लावायचे तसे अगदी सरळ, हात बाजूला.

"वहिनी," म्हणाले, "केवढ्याचा दिसतो?"

मी चार पावलं मागे गेले. मान वाकडी केली. तीस वर्षांत एकाही बापाची खोटी तारीख मी लिहून घेतली नव्हती.

"अठ्ठेचाळीस," मी म्हटलं. "प्लस-मायनस दोन."

त्यांनी मान हलवली, कॉलर नीट केली आणि स्वतःच्या दाराकडे वळले. किल्ली त्यांच्या खिशात होती, मला माहीत आहे. पण त्यांनी बेल वाजवली, आणि पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत वाट बघत उभे राहिले. आतून बांगड्या वाजल्या. कुमुदताईंची पावलं दाराकडे यायला लागली.