खुर्चीतला खळगा

तत्त्वज्ञ गेले आणि त्याच आठवड्यात घरात पहिला वाद पेटला तो त्यांच्या आरामखुर्चीवरून. जन्मभर त्यांनी लोकांना एकच शिकवलं होतं : आधी पुरावा मागा, मग मान डोलवा. असं असताना भेटायला आलेल्या एका शिष्येने रिकाम्या खुर्चीपुढे मान झुकवली आणि पट्टशिष्याचा पारा चढला.

"उद्या हिची पूजा सुरू होईल," तो म्हणाला. "खुर्ची ती खुर्ची. जो येईल त्याने तिच्यात बसायचं. विषय संपला."

"अरे, पण गादी..." काकू पुटपुटल्या. गादीत सरांच्या बसण्याने खळगा पडला होता. एवढ्या संसारात नवऱ्याने मागे ठेवलेली, हात फिरवता येईल अशी तेवढीच गोष्ट. बाकी सगळे विचारच. पण हे या मंडळींना सांगायचं कोणत्या तोंडाने? त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

लोक येऊन बसू लागले. गादीला चिखल लागला, म्हणून बूट बाहेर काढायचं ठरलं. एकजण बसला तो उठेचना, म्हणून रांग लावली. रांगेत वाद रंगले, म्हणून बोलणं बंद केलं. प्रत्येक नियमाला कारण होतं आणि पट्टशिष्य ते समजावून सांगत होता.

"बसल्यावर एकदम शांत वाटलं हो," एक बाई हळूच म्हणाल्या.

"माझी तर पाठ दुखायची थांबली," शेजारचे म्हणाले.

"आरामखुर्ची आहे, थांबणारच," पट्टशिष्य म्हणाला. पण आवाज त्याचाही खाली आला होता.

काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. जाडे बसले, बारके बसले, एक तर मुलाला मांडीवर घेऊन बसला. शेवटी त्यांना राहवेना. त्या तरातरा पुढे आल्या.

"काकू, रांगेने हं," पट्टशिष्य मऊपणे म्हणाला. "सरांना वशिला चालत नसे."

स्वतःच्याच घरात काकू चपला काढून रांगेत उभ्या राहिल्या. पाळी आल्यावर त्यांनी गादीवरून हात फिरवला. गादी सपाट झाली होती. त्या मटकन बसल्या आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू फुटलं. नवरा गेला हे त्यांना आत्ता कुठे कळत होतं.

रांगेतले माना उंचावून बघू लागले. मागच्याने पट्टशिष्याला कोपराने ढोसलं. "काय झालं हो?"

पट्टशिष्याने डोळे टिपले. "काकूंनाही अनुभव आला," तो कुजबुजला, आणि रांग लगबगीने पुढे सरकली.